आमच्या घरातलं ‘फिट’

मी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि दर वर्षी एकदा तरी ‘फिट’ हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ येते. शब्द एवढासा, पण शब्दकोशात ऐसपैस जागा अडवून बसलाय. कपडा अंगाला नीट बसला तर फिट. माणूस धडधाकट असला तर फिट. एखाद्या कामाला लायक असला तरी फिट. कुणाला रागाचा झटका आला, हसू आवरेना, खोकल्याची उबळ आली, की इंग्रजीत तीही फिट. ‘ज्याला ही टोपी फिट बसेल त्याने ती घालावी’ असं ते म्हणतात, तेव्हा आपण चोराच्या मनात चांदणं म्हणून मोकळे होतो. आणि चालता-बोलता माणूस ताठ होऊन जमिनीवर कोसळला, हातपाय झाडायला लागला, तरी त्याला फिटच आली. दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारतंच, "मॅडम, जो फिट आहे त्यालाच फिट कशी येईल?" वर्ग हसतो. मीही हसते. हा विनोद आमच्या घरात या मुलांच्या जन्माआधीच शिळा झाला होता.

माझा काका फिटर होता. काकू लोकांचे कपडे शिवायची, तेव्हा घरात दिवसभर फिटिंग चालायचं. आणि काकाला फिट यायची. एका शब्दावर आमचं घर चालत होतं, आणि त्याच शब्दापायी ते बंद पडायची वेळही आली.

माझ्या वडिलांची सारखी बदली व्हायची. दर बदलीला माझी शाळा बदलू नये म्हणून मला काका-काकूंकडे ठेवलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. एका छापखान्याच्या वर दोन खोल्या होत्या. खालची यंत्रं सुरू झाली की आमच्या फळीवरचे पेले हळूच किणकिणायचे. पुढच्या खोलीत खिडकीशी काकूचं शिलाई मशीन, भिंतीला टेकून एक लांब बाक, आणि मागे स्वयंपाकघर, ज्यात तिघं एकदम उभे राहिलो तर एकाने बाहेर जायचं असा अलिखित नियम. आज त्या जागी भलतीच इमारत उभी आहे. मी कधी तिकडून गेले तर मुद्दाम पलीकडच्या बाजूने चालते. मला ती इमारत आवडत नाही, आणि तिचा काही दोष नाही हे मला कळतं.

काकाला सैल गोष्ट सहन व्हायची नाही. कुणाच्या घरी गेला तर बसायच्या आधी दार हलवून बघायचा. "बिजागरी लूज आहे तुमची," असं यजमानांना सांगायचा, आणि काकू मागून त्याचा शर्ट ओढत म्हणायची, "अहो, आधी बसा तरी." खुर्ची डुगडुगली की तो कागदाची घडी करून तिच्या पायाखाली सारायचा, मगच चहा घ्यायचा. माणसांनाही तो तसंच मोजायचा. अमका जरा लूज आहे, तमकी फारच टाइट बसलीय. माझ्या वडिलांबद्दल, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या थोरल्या भावाबद्दल, त्याचं मत होतं की माणूस चांगला आहे पण आटे झिजलेत.

त्याच्या कारखान्यात पाण्याचे मोठाले पंप बनत. फिरत्या दांड्यावर बेअरिंग बसवायचं, ते त्याचं काम. ते कानशीने घासून, बोटाने चाचपून, पुन्हा घासून असं बसवायचं की ते हाताने आत जावं, पण गेल्यावर हलू नये. हातोडी घेणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. तो म्हणायचा, "ठोकून बसवलेलं म्हणजे जबरदस्तीचं लग्न. बसतं गं, पण जन्मभर आवाज करतं."

"आपल्यासारखं का?" काकू तोंडातल्या टाचण्यांमधून विचारायची.

"आपलं हाताने बसलंय," काका म्हणायचा, आणि काकू टाचण्या गिळेल की काय अशी मला भीती वाटायची, इतकी ती लाजायची.

पण फिटिंगवरून दोघांचं कधीच एकमत झालं नाही. काकूचं म्हणणं, कपडा थोडा सैलच हवा, कारण आतलं माणूस श्वास घेतं. काकाचं म्हणणं, सैल ते सगळं कधी ना कधी निखळतं. मला तेव्हा शाळेत ‘उपकार फिटणे’, ‘हौस फिटणे’ असे वाक्प्रचार होते. मी एकदा जेवताना म्हटलं की मराठीत फिटणं म्हणजे सुटणं, मोकळं होणं, आणि इंग्रजीत फिट म्हणजे घट्ट बसणं, हे उलटं कसं? काका म्हणाला, "मराठी तुझ्या काकूच्या बाजूची दिसते." आणि भाजी वाढून घेतली.

कारखान्यात फिटर जोडीने काम करत. एक आत हात घालणारा, एक बाहेरून धरणारा. एकदा जोडी लागली की ती बहुधा निवृत्तीपर्यंत टिके. काकाच्या जोडीला जो होता त्याला सगळा कारखाना ‘जोडीदार’ म्हणे, आम्हीही तेच म्हणायला लागलो, आणि मी जोडीदारकाका. दांडगा, सावकाश माणूस. चार शब्दांचं काम दोनात उरकणारा. काका अखंड बोलायचा आणि हा मान हलवायचा. रविवारी सकाळी तो ठरल्यासारखा यायचा, बाकाच्या डाव्या टोकाला बसायचा, चहा प्यायचा, काकाची दोन तास बडबड ऐकायचा आणि "येतो वहिनी" म्हणून जायचा. काकू म्हणायची, "भावोजी, तुम्ही नसता तर ही सगळी बडबड मला ऐकावी लागली असती. तुमचे उपकार आहेत."

त्या कारखान्याची एक रीत होती. पंप जोडून झाला की तो पहिल्यांदा चालू करायचा, आणि ज्याने तो फिट केला त्याने चालू पंपाच्या बेअरिंगवर तळहात ठेवायचा. किती तापतंय, किती थरथरतंय, आत काही कुरकुरतंय का, हे तळहाताला कळायचं. मापं घ्यायची उपकरणं होती, साहेब होते, पण फिटरने हात ठेवून मान डोलावल्याशिवाय पंप दाराबाहेर जात नसे. काकाला त्या एका क्षणाचा फार अभिमान. सांगताना त्याचा हात आपोआप हवेत पालथा व्हायचा. "मांजरीच्या पाठीवर हात ठेवावा तसं वाटतं. ती गुरगुरते ना, तसं."

फिट त्याला पहिल्यांदा घरातच आली. मी लहान होते, मला फक्त बाक सरकल्याचा आवाज आणि काकूचं ओरडणं आठवतं. का आली ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आगीपासून, पाण्यापासून आणि फिरत्या यंत्रापासून लांब राहा म्हणून सांगितलं. काका बाहेर येऊन म्हणाला, "आग, पाणी चालेल. तिसरं जमणार नाही." फिरत्या यंत्रापासून लांब राहायचं तर त्याने करायचं काय? कारखान्यात कळलं तर ‘अनफिट’ शिक्का बसणार, हे उघड होतं. मग ठरलं की सांगायचं नाही. जोडीदाराला मात्र सांगितलं. त्याने मान हलवली, म्हणजे पोटात ठेवलं.

काकाला फिट यायच्या आधी बहुतेक वेळा जळक्या रबराचा वास यायचा. तो वास आला की त्याने हातातलं काम ठेवायचं आणि खाली जमिनीवर बसायचं. बास, एवढीच खूण. तो बसला की जोडीदार यंत्रावर घालायची ताडपत्री ओढायचा, आसपासचे तिघे-चौघे पाठ बाहेर करून कोंडाळ्याने उकिडवे बसायचे, आणि आत काका हातपाय झाडून शांत व्हायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पडलेलं काही शोधतायत. सुपरवायझरने विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बोल्ट पडलाय साहेब." एकदा म्हणे तो सुपरवायझर वैतागून म्हणाला, "तुमच्याच कोपऱ्यात एवढे बोल्ट कसे पडतात?" आणि कोंडाळ्यातला एकजण म्हणाला, "आमचे हात थोडे लूज आहेत साहेब." काकाला हे नंतर कळलं तेव्हा त्याला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला.

ही माणसं लोखंडातली. दुखणं आलं तरी अवजारच शोधणार. जीभ चावली जाऊ नये म्हणून एकाने एकदा घाईघाईने कानशीची लाकडी मूठ काकाच्या दातांत कोंबली. मुठीला काही झालं नाही, काकाचा पुढचा दात तुटला. घरी आल्यावर काकूने विचारलं, "हे काय?" काका म्हणाला, "बोल्ट लागला." काकू म्हणाली, "त्या कारखान्यात पंप बनतात की नुसते बोल्टच उडतात?" पण तिला कळायचं ते कळलं. त्या दिवशी तिने एका बाईच्या झग्याची एक बाही उलटी जोडली आणि पुन्हा उसवली.

खरी अडचण गोळ्यांची होती. गोळ्यांनी सुस्ती यायची, ती काकाने सोसली असती. पण तो म्हणायचा, गोळी घेतली की बोटं बहिरी होतात. दोन थरांमधला केसाएवढा फरक बोटांना कळेनासा होतो. म्हणून मोठं काम असलं की तो आधीपासून गोळ्या टाळायचा. काकूला वाटायचं घेतोय. गोळ्या तो खिशात टाकायचा आणि वाटेत फेकून द्यायचा. हे फक्त जोडीदाराला ठाऊक होतं. तो म्हणायचा, "घे." काका म्हणायचा, "हा पंप झाला की." मग पुढचा पंप असायचाच.

मी चौथीत असताना कारखान्यात एक फार मोठा पंप जोडला गेला. आजवरचा सगळ्यात मोठा, असं काका जेवताना, झोपताना, दात घासतानासुद्धा सांगायचा. पंप चालू केला त्या दिवशी साहेब लोक आले होते. काका पुढे झाला, बाही वर न सारताच तळहात ठेवला. त्याचं नंतरचं म्हणणं असं, की रबराचा वास आला होता. पण नवीन यंत्राला तसाही वास येतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. हात काढवेना त्याला. तो तसाच ताठ झाला आणि फिरत्या दांड्याकडे झुकला. बाही दांड्यात अडकली. जोडीदाराने मागून त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला खेचला. शर्ट खांद्यापासून फाटला, काका जोडीदाराच्या अंगावर पडला, आणि ती बाही एकटीच दांड्यावर गरगरत राहिली. नाहीतर बाहीच्या जागी हात असता. पंप थांबवल्यावर जोडीदाराने ती सोडवून घेतली, आणि ती हातात धरून तो सरळ कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेला. बोल्ट पडलाय असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. काका बाकावर आडवा होता, डोकं जड, भिंतीकडे तोंड. जोडीदार दारातच उभा राहिला. आत या म्हणून काकूने सांगितलं तरी आला नाही.

"मी डॉक्टरांना सांगितलं," तो म्हणाला. "सगळं. पहिल्यापासूनचं. गोळ्यांचंसुद्धा."

काका उठून बसला. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर सांगू दिलं नसतंस."

"इतकी वर्षं सांभाळलंस, आणि आता केसाने गळा कापलास."

"हात राहिला ना," जोडीदार म्हणाला.

"तो आता घालू कुठे?" काकाने विचारलं. काका पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, आणि तिथून अबोला सुरू झाला.

डॉक्टरांनी अनफिट लिहिलं. कामावरून काढलं नाही, तेवढी माणुसकी होती. त्याला अवजारांच्या खोलीत बसवलं. जाळीची खिडकी, खिडकीत एक चौकोनी भोक, आणि सकाळी फिटर लोक रांगेने येऊन कानशी, पाने, मापं मागून नेणार. आदल्या दिवसापर्यंत ज्याने त्या कानशी चालवल्या, त्याने आता त्या भोकातून पुढे सरकवायच्या. यंत्रांची शेड तिथून दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. पहिले काही महिने काका घरी येऊन काहीच बोलायचा नाही. सारखा तळहात पाहायचा. काकूने एकदा शिलाई मशीन चालवता चालवता त्याला म्हटलं, "जरा हात ठेवून बघा हो, कुरकुरतंय का." तो उठला, हात ठेवला, आणि म्हणाला, "ठीक आहे." मशीन कुरकुरत नव्हतंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिने बोलावलं तर म्हणाला, "मला लहान मूल समजतेस का?" ती नुसती चाक फिरवत राहिली. काकू मला त्या दिवसांत फार आवडली, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

जोडीदारालाही अवजारं त्याच खिडकीतून घ्यावी लागायची. तो मागायचा, काका सरकवायचा. शब्द नाही, नजर नाही. मात्र कारखान्यातल्या एका माणसाने पुढे काकूला सांगितलं, की सगळ्यात चांगल्या धारेची कानस काका रोज बाजूला काढून ठेवायचा आणि ती जोडीदारालाच जायची. काकूने हे काकाला विचारलं तर त्याने कानावर हात ठेवले. "जी हाताला लागते ती देतो," म्हणाला.

आणि रविवार? जोडीदार यायचाच. पहिल्या रविवारी तो जिन्यात दिसला तेव्हा आम्हाला वाटलं, आता काहीतरी भडका उडणार. तो आला, बाकाच्या डाव्या टोकाला बसला. काका उजव्या टोकाला होता. काकाने वर्तमानपत्र उभं धरलं, आणि ते अख्खा वेळ खाली घेतलं नाही. काकूने दोघांना चहा दिला. चहा पिऊन जोडीदार "येतो वहिनी" म्हणून गेला. पुढच्या रविवारी तेच. काकाला तो यायला नको होता म्हणावं, तर रविवारी सकाळी काका कधी घराबाहेर जायचा नाही. मी तर बघितलंय, जोडीदाराला उशीर झाला तर वर्तमानपत्राचं तेच पान तो कितीतरी वेळ वाचायचा.

अबोल्याचेही नियम असतात. काका जोडीदाराशी बोलायचा नाही, पण त्याच्या समोर हवेशी बोलायचा. "काही लोकांना वाटतं, आपण फार मोठं काम केलं." काकू म्हणायची, "अहो, लोक इथेच बसलेत, सरळ सांगा की." मग वर्तमानपत्र आणखी वर. एकदा काकू चिडून जोडीदारालाच म्हणाली, "भावोजी, तुम्ही तरी कशाला येता अपमान करून घ्यायला?"

"अपमान कुठे," तो म्हणाला. "चहा मिळतो."

हे सगळं इतकी वर्षं चाललं की मला त्यात काही विचित्र वाटेनासं झालं. मी चौथीतून दहावीत गेले. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की विचारायच्या, ते दोघे भांडलेत का? मी म्हणायची, नाही, ते असेच बसतात. काकाच्या गोळ्या आता नियमित होत्या, काकू समोर उभी राहून द्यायची. फिट जवळजवळ थांबली होती. थांबायला हवं ते थांबलं, आणि जे चालू राहायला हवं होतं तेही थांबलं, असं मला वाटायचं. काका जाड झाला, बोलणं कमी झालं. दारं हलवून बघणंही त्याने सोडून दिलं. लोकांच्या बिजागऱ्या लूजच राहिल्या.

दहावीच्या वर्षी काकाला ताप आला. पोटात काही ठरेना, त्यात गोळ्याही उलटून पडल्या. रविवारी सकाळी ताप उतरला होता. काकूने एका लग्नघरी कपड्यांचं शेवटचं फिटिंग कबूल केलं होतं, ती मला बजावून गेली, "लक्ष ठेव गं. आणि भावोजी आले की चहा दे." जोडीदारकाका आला. बसला. काका उजव्या टोकाला, वर्तमानपत्र वर. मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज आला.

मी वळले तर काका बाकावरून घसरत होता. फिट मी अशी समोर कधी पाहिली नव्हती, लहानपणी आली तेव्हा मी काकूच्या पदराआड होते. मी किंचाळायला तोंड उघडलं, पण जोडीदारकाका तोवर पोचला होता. एवढा सावकाश माणूस, पण त्याने बाक एका पायाने मागे ढकलला, काकाला अलगद खाली घेतलं, कुशीवर वळवलं, शर्टाची वरची बटणं सोडली. मी चमचा घेऊन धावले, कारण तोंडात काहीतरी घालायचं असतं असं ऐकलं होतं.

"नको," तो म्हणाला. "तोंडात काही नाही. मी डॉक्टरांना नीट विचारून घेतलंय. नुसती थांब. थांबेल ते."

काकाचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन, ते आपटू नये एवढंच धरून तो बसून राहिला. कधी विचारून घेतलं होतं त्याने? ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या दुखण्याची माहिती घेऊन हा माणूस दर रविवारी बाकावर येऊन बसत होता. हळूहळू काकाचे हातपाय सैल पडले. श्वास घोरल्यासारखा, मग नेहमीसारखा झाला. माझ्या हातातला चमचा मी अजून तसाच धरला होता.

फिट येऊन गेली की थोडा वेळ काकाला दिवस, जागा, काळ काही कळायचं नाही. काकू म्हणायची, त्या वेळात तो कुठेही असतो, तुम्ही तिकडे जायचं, त्याला इकडे ओढायचं नाही. त्याने डोळे उघडले, वर पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भोंगा झाला का रे?"

मी जोडीदारकाकाकडे पाहिलं.

"नाही अजून," तो म्हणाला. "पडून राहा."

"कुणी बघितलं का?"

"नाही."

"पंप?"

"बसला."

"ठोकून?"

"छे. हाताने."

काकाने समाधानाने डोळे मिटले, पुन्हा उघडले. या वेळी तो बराच वेळ जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एखादं काम तपासावं तसा.

"तुझे केस कधी पांढरे झाले रे?" त्याने विचारलं.

"झाले मध्ये कधीतरी," जोडीदारकाका म्हणाला. "तू बघत नव्हतास."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसायला हवं होतं की काय, मला कळेना. मोठ्या माणसाचे डोळे कुणी पुसायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मला ते दिसलं. काकाला आठवत चाललं होतं. आधी खोली आठवली असावी, मग रविवार, मग मी. शेवटी ते सगळंच, खिडकीचं भोक, अनफिट, फाटलेला शर्ट. त्याचा चेहरा पुन्हा रोजचा व्हायला लागला. जोडीदारकाकालाही ते दिसलं. त्याने काकाच्या डोक्याखालून मांडी काढली, तिथे उशी सरकवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला. काकाने तोंड भिंतीकडे वळवलं होतं, आता त्याने नुसते डोळे मिटले की अबोला पुन्हा सुरू. मी दारात उभी होते, आणि मनात म्हणत होते, काका, नको ना रे.

"मला सगळं आठवलंय," काका भिंतीलाच म्हणाला.

"बरं," जोडीदारकाका म्हणाला. "येतो मी."

"बस."

तो अर्धवट उठलेला तसाच थांबला. काका कोपरावर जोर देऊन, धापा टाकत या कुशीवर वळला. त्याला बराच वेळ लागला. जोडीदारकाकाने आधार द्यायला हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

"मी काय म्हणत होतो?" काकाने विचारलं.

"माझे केस पिकले म्हणत होतास."

"हां," काका म्हणाला. "फारच पिकलेत रे."

जोडीदारकाका खाली बसला. मी चहा टाकायला आत गेले, कारण मला तिथे उभं राहवेना.